बुडायचा कार्यक्रम

पुण्याला डिझाइन शिकणारी माझी पुतणी शनिवारी सकाळी घरात शिरली आणि पाठीवरची सॅक न उतरवताच म्हणाली, "काका, संध्याकाळी बुडायला जायचंय."

नळाला पाणी यायचा तो दिवस होता. चार दिवसांनी आलेली ती बारीक धार पिंपात पडताना बघत उभ्या असलेल्या हिनं तिथूनच विचारलं, "कशात?"

"कलेत! इमर्सिव्ह आर्ट फेस्टिव्हल आहे. लांबून चित्रं बघायची नाहीत. आत शिरायचं, हात लावायचा, अनुभवायचं. सगळं शहर म्हणजे गॅलरी!"

"मी पाणी भरते," ही म्हणाली. "तुम्ही बुडून या."

जिन्यातच शेजारचे अण्णा भेटले. अण्णांचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागांवर गेलं. कारखान्यातून ते बाहेर आले, पण कान तिथंच राहिले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलायचं.

"कुठं जाऊलालाव मास्तर?"

"कला बघायला!" मी ओरडलो.

"कोणाची कला?"

"कोणाची नाही, फुकट आहे!"

हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. ते टोपी घालून निघाले.

सोलापूरच्या पार्क चौकात मांडवाच्या तोंडाशीच एक चौकोनी ठिपक्यांचा कागद लावला होता. तो मोबाईलनं टिपायचा, मग नाव घालायचं, मग ओटीपी येणार, मग मनगटाला पट्टी. माझं सिमकार्ड मुलाच्या नावावर, सगळ्या नोंदींना नंबरही त्याचाच, आणि मुलगा बंगळुरात. त्याला फोन लावून म्हटलं, "बाळा, एक ओटीपी आलाय बघ, सांग जरा." त्यानं फोनच ठेवला. पुन्हा लावला तर म्हणतो, "बाबांचा आवाज काढतोस काय? माझ्या आजीचं माहेर सांग आधी." मी बार्शी सांगितलं. तरी त्यानं आधी हिला फोन करून खात्री केली, तोवर ओटीपीची मुदत संपली. अण्णांकडे मोबाईल नव्हताच. त्यांना स्वयंसेवकानं ज्येष्ठ नागरिक म्हणून तसंच आत सोडलं.

चार पुतळ्यांपाशी हेडफोन लावून चालायचा कार्यक्रम होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेली ही चार माणसं. त्याच्या आदल्या वर्षी, मे 1930 मध्ये, सोलापूरनं काही दिवस इंग्रजांशिवाय शहर चालवून दाखवलं आणि मग मार्शल लॉ आला. शाळेत हे शिकवताना माझा आवाज अजून चढतो. पण हेडफोनमधली बाई कुजबुजत म्हणाली, "आता डोळे मिटा आणि स्वातंत्र्य अनुभवा." त्या चौकात? डोळे उघडे ठेवूनसुद्धा तिथं रिक्षा अंगावर येते. मी एक डोळा मिटला. निम्मं स्वातंत्र्य अनुभवलं.

पुढे आरशांची खोली. चपला बाहेर काढायच्या. फेब्रुवारीतले साडेचार वाजलेले, दुपारभर तापलेली फरशी, आणि रांग कापडी छताच्या बाहेरपर्यंत आलेली. मी आळीपाळीनं एकेका पायावर उभा राहिलो.

"चित्रकार एम. एफ. हुसेनसुद्धा अनवाणी हिंडायचे, काका," पुतणी म्हणाली.

खरं आहे. ते 1915 साली आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले, तेव्हा तळव्यांची तयारी लहानपणीच झाली असणार. आत गेल्यावर चाळीस दिशांनी चाळीस मास्तर माझ्याकडे बघत होते, सगळे एका पायावर.

"सहभाग महत्त्वाचा," ती समजावत होती. "प्रेक्षकच कलेचा भाग होतो." मला हे नवं कसं वाटावं? सिद्धेश्वराच्या यात्रेत, संमती कट्ट्यापाशी देवाच्या लग्नाच्या अक्षता पडताना, नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या आणि बाराबंदी घातलेली माणसं यांच्या गर्दीत मी लहानपणापासून चेंगरून घेत आलोय. रात्री सदरा झटकला की कॉलरमधून अक्षता निघतात. मनगटाला पट्टी कुणी बांधत नाही.

शेवटचा तंबू किल्ल्यामागे, तळ्याच्या काठाला. आत गडद अंधार, मधोमध एक सुटा केलेला जुना माग, भोवती गाद्या. हेडफोन घालून आडवं व्हायचं, की कानात चालू कारखान्याचा आवाज. एका वेळी एकच माणूस, पाच मिनिटं. अण्णांचा नंबर आधी लागला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णा बाहेर येईनात. मागं पंचवीस माणसं तिष्ठत उभी. मी कनात बाजूला करून डोकावलो तर अण्णा छातीवर टोपी ठेवून गाढ झोपलेले. कारखाना सुटल्यापासून रात्री डोळा लागत नाही, घर फार शांत वाटतं, असं ते नेहमी म्हणतात. कारखान्याच्या त्या खडखडाटात त्यांना आता कुठं नीट झोप लागली होती.

मी हलवायला हात पुढं केला, तर मांडणी करणाऱ्या मुलीनं तो धरला. तिच्या डोळ्यांत पाणी. "नको ना! दोन दिवसांत हे पहिलेच, जे खरोखर आत गेलेत." लोक एकेक करून आत आले, भोवती उभे राहिले, फोटो काढू लागले. अण्णा घोरायला लागले. मुलगी म्हणाली, "ही पण लय आहे."

सव्वासहाला जनरेटर बंद पडला. आवाज थांबला, आणि त्याच क्षणी अण्णा ताडकन उठून बसले. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत मागाची मूठ शोधतोय. "लाईट गेली बे! धोटे काढून घ्या आधी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर एक पोरगा कागद घेऊन उभा होता. अनुभवाला पाचपैकी किती तारे, आणि काही सूचना? मी तीनदा ओरडून प्रश्न सांगितला. अण्णांनी विचार केला.

"चार द्या. तिसऱ्या मागाचा धोटा घासतोय, ऐकू आलं नाही का तुम्हाला? तेल घाला."

पोरानं सूचनांच्या रकान्यात नीट अक्षर काढून लिहिलं : तेल.