गाठीतल्या पेशी आणि काढ्याचा फॉरवर्ड

गेल्या महिन्यात अशोक चौकाकडचे एक यंत्रमाग कामगार मुलासोबत रिपोर्ट न्यायला आले. मोठ्या आतड्याची बायोप्सी होती, निदान कॅन्सर. मुलाने रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे वाचा. मग ऑपरेशन कशाला करायचं?" तोच मजकूर त्या आठवड्यात मला माहेरच्या ग्रुपवरही आला. तो थोडक्यात असा: "आतड्याच्या गाठीत पांढऱ्या पेशी शिरल्या की रोगी वाचतो, हे परदेशी शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. म्हणून गुळवेलीचा काढा आणि हळद घेऊन पांढऱ्या पेशी वाढवा. ऑपरेशन आणि केमोने त्या मरतात. बायोप्सीने गाठ भडकते."

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. या गाठी मायक्रोस्कोपखाली बघणं हेच माझं काम, म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

"पेशी शिरल्या की रोगी वाचतो." यात तथ्य आहे, आणि ते फार मोलाचं आहे. पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की गाठीत कोणत्या प्रतिकारपेशी आहेत, किती आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज नेहमीच्या स्टेजपेक्षाही चांगला बांधता येतो. त्यातून इम्युनोस्कोर आला. गाठीचा मधला भाग आणि तिची कड, दोन्हीकडच्या सीडी३ आणि सीडी८ या खुणा असलेल्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) मोजायच्या. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २६८१ रुग्णांवरची पडताळणी आली. त्यातल्या पहिल्या गटात, स्कोर जास्त असलेल्या ८ टक्के रुग्णांत पाच वर्षांत कॅन्सर उलटला. मध्यम स्कोरवाल्यांत १९ टक्के, कमी स्कोरवाल्यांत ३२ टक्के. फरक मोठा आहे, पण ८ टक्के म्हणजे शून्य नव्हे. "वाचतो" असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

जागेला एवढं महत्त्व का? आपला भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे आणा: खंदक, दुहेरी तट. काही गाठी तशाच असतात. टी पेशी कडेला, जणू खंदकापाशीच, थबकलेल्या दिसतात आणि आत जवळजवळ एकही नसते. भोवतालच्या तंतुमय ऊतीने त्यांची वाट अडवलेली असते. दुसऱ्या एखाद्या गाठीत मात्र त्या आत घुसून कॅन्सरपेशींना अगदी खेटलेल्या असतात. अशी स्लाइड समोर आली की इतक्या वर्षांनंतरही मला आनंद होतो.

"पांढऱ्या पेशी वाढवा." इथे फॉरवर्ड घसरतो. रक्ताच्या रिपोर्टमधला पांढऱ्या पेशींचा आकडा म्हणजे गाठीतल्या टी पेशींची मोजणी नव्हे. तो आकडा साध्या जंतुसंसर्गानेही वाढतो. उलट रक्तात लिम्फोसाइटच्या तुलनेत न्यूट्रोफिल (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार; टी पेशी लिम्फोसाइटमध्ये येतात) फार असतील, तर या कॅन्सरमध्ये ते बहुधा वाईट लक्षण ठरतं. गाठीतल्या काही प्रतिकारपेशी तर कॅन्सरलाच मदत करतात. त्यामुळे सरसकट "वाढवा" म्हणण्याला अर्थच नाही.

काढ्याने टी पेशी गाठीत शिरतात हे रुग्णांमध्ये सिद्ध झालेलं नाही. गुळवेलीने यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मात्र मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. भाजीतल्या हळदीला माझी काहीच हरकत नाही.

"ऑपरेशन आणि केमो टाळा." ज्या अभ्यासाच्या जोरावर हा सल्ला दिलाय, त्यातल्या रुग्णांच्या गाठी ऑपरेशन करून काढलेल्या होत्या! त्या काढल्या म्हणून तर पेशी मोजता आल्या. केमोने पांढऱ्या पेशी काही दिवस कमी होतात हे खरं. त्या दिवसांत ताप आला तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. पण तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांच्या अभ्यासात केमोचा फायदा ठळक दिसला तो नेमका ज्यांच्या गाठीत टी पेशी भरपूर होत्या त्यांच्यात. म्हणजे फॉरवर्ड ज्यांना केमो नको सांगतो, त्यांचंच नुकसान जास्त.

"बायोप्सीने गाठ भडकते." आतड्याच्या बायोप्सीत दुर्बिणीतून चिमटीएवढे तुकडे घेतात, त्याने कॅन्सर भडकत नाही. त्याच तुकड्यावर एमएमआर तपासणी होते, म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं चालू आहेत का ते बघतात. ती बंद पडलेल्या गाठी सुमारे १५ टक्के असतात. त्यांत टी पेशी सहसा भरपूर असतात, पण कॅन्सरने त्यांना ब्रेक लावलेला असतो. इम्युनोथेरपी तो ब्रेक काढते. न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या अशा कॅन्सरच्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली होती, तीही ऑपरेशनशिवाय. प्रतिकारशक्तीने कॅन्सर हटतो तो असा: तुकडा तपासून, गाठ ओळखून, नेमकं औषध देऊन. उरलेल्या ८५ टक्के गाठींत हे औषध एकट्याने क्वचितच चालतं, आणि ते महागही आहे. हे दोन्ही रुग्णाला आधीच सांगायला हवं.

मुलाला मी हे सगळं स्लाइड दाखवत सांगितलं. त्याच्या वडिलांना आठ महिने संडासवाटे रक्त जात होतं आणि घरात सगळे मूळव्याध समजत होते. बायोप्सीच्या तुकड्याचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, लॅब सहसा जपून ठेवते आणि रुग्णाला तो मागता येतो. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला असेल, तर ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) एवढंच विचारा: "या ब्लॉकवर एमएमआर झालंय का?" जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. ते दोघे दुसऱ्याच दिवशी ब्लॉक घेऊन तिकडे गेले.