दहा मिनिटांत घरचा क्लाउड? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

गेले काही आठवडे एकच मेसेज वेगवेगळ्या ग्रुपांवरून फिरून माझ्याकडे येतोय. मजकूर थोडक्यात असा: जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, त्यावर नेक्स्टक्लाउड (आपल्याच यंत्रावर फाइली ठेवून त्या फोन-लॅपटॉपवरून उघडू देणारं सॉफ्टवेअर) टाका, दहा मिनिटांत स्वतःचा गूगल ड्राइव्ह तयार. आयुष्यभर फुकट. दोन हार्डडिस्क लावल्या की बॅकअपची काळजी नाही. डेटा घरातच, त्यामुळे कोणी हात लावू शकत नाही. तेव्हा गूगलवरचे फोटो आजच काढून टाका.

मी सहा वर्षं सांगलीतल्या घरी नेक्स्टक्लाउड चालवते. चौघांचे फोटो, कॅलेंडर, फोन नंबर, घराची कागदपत्रं, सगळं त्यावर आहे. लोकांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच या मेसेजचा राग येतो. त्याच्या भरवशावर कोणीतरी घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो घालवून बसेल.

"दहा मिनिटांत." इन्स्टॉल तेवढ्यात होतं, हे खरं आहे. पण तेव्हा ते फक्त घरच्या वायफायवर उघडतं. ऑफिसातून किंवा गावाहून उघडायचं तर राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून येणारी मागणी त्या यंत्राकडे जाईल अशी वाट उघडा, असं जो तो सांगतो. तुम्ही करता, तरी बाहेरून काही उघडत नाही, आणि दोन रात्री सेटिंग तपासण्यात जातात. अनेकदा चूक तुमची नसतेच. आयपीव्ही४ पत्त्यांची, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायच्या आकडी पत्त्यांची, टंचाई असल्यामुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायला सोपं आहे: राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा, मग आपला आयपी दाखवणारी एखादी वेबसाइट उघडून तिथला आकडा बघा. दोन्ही जुळत नसतील, आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचणारच नाही. मग कंपनीला पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) घ्यायचा, नाहीतर टेलस्केलसारखा व्हीपीएन (आपल्याच यंत्रांना जोडणारी खाजगी वाट) लावायचा. क्लाउड घरच्यांपुरताच असेल तर मी व्हीपीएनच सुचवेन, कारण राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

एवढं जमलं की पुढचे अडथळे छोटे असतात, पण माहीत नसले तर माणूस कंटाळून सोडून देतो. नव्या पत्त्यावरून उघडल्यावर 'अनट्रस्टेड डोमेन' असा संदेश आला, तर नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधल्या ट्रस्टेड डोमेन्सच्या, म्हणजे परवानगी असलेल्या पत्त्यांच्या, यादीत तो पत्ता घालायचा असतो. मोबाइल डेटावर नीट चालतं आणि घरच्या वायफायवर मात्र तोच पत्ता उघडत नाही, याचं कारण बहुधा राउटरला नॅट लूपबॅक, म्हणजे घरातूनच बाहेरच्या पत्त्यावर केलेली मागणी परत घरात वळवणं, जमत नाही हे असतं. डेटा फोल्डरमध्ये थेट कॉपी केलेले फोटो ॲपमध्ये दिसत नसतील तर घाबरू नका. नेक्स्टक्लाउड फाइलींची नोंद डेटाबेसमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, ठेवतो आणि त्याच्या नकळत टाकलेली फाइल त्याला ठाऊक नसते. फाइल स्कॅनची आज्ञा दिली की त्या दिसू लागतात.

"आयुष्यभर फुकट." सॉफ्टवेअर फुकट आहे, वीज नाही. ६० वॉट ओढणारा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालला तर वर्षाला ५२५ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तरी ४,२०० रुपये. १५ वॉटचा लॅपटॉप १३१ युनिटांत, म्हणजे हजार-अकराशेत भागतो. तेव्हा लॅपटॉप वापरा, हे म्हणणं योग्यच आहे. फक्त बॅटरी काढता येत असेल तर काढा, सतत चार्जिंगवर राहून ती फुगते. पैशांपेक्षा वेळेचा खर्च मोठा. नेक्स्टक्लाउडच्या एका मोठ्या आवृत्तीला साधारण वर्षभरच सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, आणि अपडेट करताना मधली मोठी आवृत्ती गाळता येत नाही. दोन वर्षं दुर्लक्ष केलंत तर एकेक पायरी चढत यावं लागतं.

आता "दोन हार्डडिस्क लावल्या की बॅकअपची काळजी नाही." संपूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात घातक वाक्य हेच. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं म्हणजे रेड १. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, तेवढ्यासाठी ती उत्तम. पण तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केला तर तो त्याच क्षणी दोन्हींवरून जातो. रोजच्या वापरातल्या लॅपटॉपवरचं नेक्स्टक्लाउड सिंक दोन्ही बाजूंनी चालतं, त्यामुळे मुलाने त्या लॅपटॉपवरून उडवलेला फोल्डर सर्व्हरवरूनही, म्हणजे नेक्स्टक्लाउड चालवणाऱ्या यंत्रावरूनही, उडतो. ट्रॅशमध्ये तो नेहमीच्या सेटिंगनुसार ३० दिवस राहतो, आणि जागा कमी पडली तर त्याआधीही जाऊ शकतो. चोरी झाली, घरात पाणी शिरलं, तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क एकत्रच जातात. २०१९च्या पुरानंतर सांगलीत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

बॅकअप म्हणजे नेमकं काय, हे मी नुकसान सोसून शिकले. माझा पहिला सर्व्हर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर होता. सिस्टिम आणि डेटाबेस मेमरी कार्डावर, फोटो बाहेरच्या डिस्कवर. पावसाळ्यात एका संध्याकाळी पाच-सहा वेळा लाइट गेली आणि आली. इन्व्हर्टर फक्त दिव्या-पंख्यांना जोडलेला होता. त्या रात्री कार्ड गेलं. फोटो सगळे शाबूत होते, डिस्कचा बॅकअपही होता, पण आईने वर्षानुवर्षं जपलेले नातेवाइकांचे नंबर आणि वाढदिवस डेटाबेसमध्ये होते, आणि डेटाबेसचा बॅकअप मी कधीच घेतला नव्हता. म्हणून आता तीन गोष्टी घेते: डेटा फोल्डर, कॉन्फिग फाइल आणि डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातल्या सगळ्या नोंदींची एका फाइलमधली प्रत. घेताना मेंटेनन्स मोड चालू करते, तेवढा वेळ कोणी काही बदलू शकत नाही, म्हणजे तिन्ही एकाच क्षणाचे राहतात. एक प्रत घरातल्या सुट्या डिस्कवर, जी एरवी काढून ठेवलेली असते, आणि एक पुण्यात बहिणीकडे, एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी. सर्व्हर आता छोट्या यूपीएसवर आहे.

"घरात आहे म्हणून कोणी हात लावू शकत नाही." इंटरनेटला जोडलेलं यंत्र घरात असलं तरी जगाला दिसतं. २०१९ च्या नोव्हेंबरात नेक्स्टक्राय नावाच्या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) लोकांचे नेक्स्टक्लाउड सर्व्हर कुलूपबंद केले. वाट सापडली ती एनजिनएक्स या वेब सर्व्हरसोबत वापरल्या जाणाऱ्या पीएचपी-एफपीएम या सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीतून. तिची दुरुस्ती ऑक्टोबरातच आली होती, ज्यांनी अपडेट केलं नाही ते सापडले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती डिस्क दुरूनच पुसल्या गेल्या. त्यांना २०१५ नंतर अपडेटच मिळालेलं नव्हतं. त्याही लोकांच्या घरातच होत्या. पोर्ट उघडायचाच असेल तर फक्त ४४३ (सुरक्षित वेबसाइटचा) उघडा, एसएसएचचा (दुरून यंत्रावर आज्ञा चालवायचा) २२ कधीही नाही, प्रत्येक खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड) लावा आणि अपडेटचा दिवस ठरवून ठेवा.

राहिलं "गूगलवरचे फोटो आजच काढून टाका." नका काढू. आधी गूगल टेकआउट या गूगलच्याच सोयीतून सगळं उतरवून घ्या. त्यात फोटोची काही माहिती वेगळ्या जेसन (मजकुराच्या) फाइलमध्ये येते, त्यामुळे तसेच चढवले तर काही फोटोंवर चुकीच्या तारखा दिसतात. त्या एक्झिफटूलसारख्या, फोटोतली माहिती बदलणाऱ्या साधनाने आधी दुरुस्त करा. मग दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, मूळ सर्व्हरला हात न लावता, बॅकअपमधून पूर्ण नेक्स्टक्लाउड उभा करून बघा. लॉगिन होतंय का, कॅलेंडर आहे का, दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या लग्नाचे फोटो उघडतात का, ते तपासा. मला पहिल्यांदा हे करायला अख्खा रविवार लागला आणि डेटाबेसचा डंप अर्धवट निघाला. दुसऱ्या रविवारी जमलं. त्यानंतरही तीन महिने मी गूगलवरचं काही काढलं नाही.