देवमासा टाकीत मावत नाही

आमच्याकडे बॉस्टनला कोणी पाहुणे आले की न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमची फेरी ठरलेली. तिथपर्यंत कोणाची तक्रार नसते. शेजारच्या सायमन्स थिएटरचं तिकीट वेगळं काढावं लागतं हे कळलं की मग सुरू होतं. "अगं, मासे तर आत्ताच पाहिले, परत पडद्यावर तेच कशाला? आणि माहितीपटच ना? तो घरी टीव्हीवर फुकट दिसतो." चुलत दिरापासून मैत्रिणीच्या बाबांपर्यंत सगळ्यांनी हे ऐकवलंय. दरवेळी रांगेत उभं राहून वाद घालण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावर 'तेच' नसतं. अ‍ॅक्वेरियमच्या मधोमध चार मजली उंच गोल टाकी आहे, तिच्यात दोन लाख गॅलन पाणी, म्हणजे साडेसात लाख लिटर. भोवतीच्या चढणीवरून गोल गोल वर जात पोरं काचेला नाक लावून बघतात. मर्टल नावाची समुद्री कासवीण १९७० पासून तिथे मुक्कामाला आहे, वजन सव्वादोनशे किलोच्या घरात. आमचा धाकटा तिला 'मर्टल आजी' म्हणतो. हे सगळं उत्तमच आहे. पण एवढ्या टाकीतही देवमासा ठेवता येत नाही. कुठल्याच टाकीत येत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९९७ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर करड्या देवमाशाचं एक आजारी पिल्लू सापडलं. सॅन डिएगोच्या सी वर्ल्डने ते वाढवलं, जेजे नाव ठेवलं. सव्वा वर्षात ते आठ टनांच्या वर गेलं आणि मार्च १९९८ मध्ये समुद्रात सोडून द्यावं लागलं. मोठ्या पांढऱ्या शार्कचंही तसंच. २००४ मध्ये मॉन्टेरी बे अ‍ॅक्वेरियमने एक लहान मादी १९८ दिवस सांभाळली, तोच मोठा पराक्रम ठरला, आणि शेवटी तिलाही सोडलंच.

म्हणून अ‍ॅक्वेरियमच्या अंगणात हा पडदा असणं मला फार योग्य वाटतं. जे कोंडता येत नाही आणि कोंडूही नये, ते दाखवायची ही जागा. पडदा सहा मजली उंच आणि सुमारे ८५ फूट रुंद. कुबड्या देवमासा, म्हणजे हंपबॅक, पंचेचाळीस-पन्नास फुटांचा असतो. तो या पडद्यावर त्याच्या खऱ्या मापात मावतो आणि आजूबाजूला समुद्रही उरतो. पंचावन्न इंची टीव्हीवर तोच प्राणी सोफ्यावरच्या लोडाएवढा होतो. टीव्ही कितीही फोर-के असू दे, हे माप त्याला देता येत नाही. मुलाला 'तीस टन' सांगून काय कळणार? मान मागे टाकून, डावीकडून उजवीकडे फिरवून जे बघावं लागतं ते कळतं.

आमच्या सासूबाई मालगुंडच्या. लहानपणी किनाऱ्याला लागलेला मेलेला देवमासा पाहिल्याचं त्या सांगतात. आठवण मुख्यतः वासाची. कोकणातल्या बहुतेकांची या प्राण्याशी ओळख अशीच. २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्यावर आला आणि तिथेच मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू वाळूत अडकलं, लोकांनी जीव तोडून ते पाण्यात ढकललं, तरी वाचलं नाही. आणि त्याच २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात जिवंत निळे देवमासे दिसल्याची नोंद संशोधकांनी केली, ती कितीजणांना ठाऊक आहे? थिएटरमध्ये पडद्यावर कुबड्या देवमाशीण पिल्लाला पाठीवर घेऊन वर आली तेव्हा सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "चालतो कसा बघ!" मेलेला प्राणी चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं, पाहू दे.

आता मला खरंच सांगायचंय ते. हे माहितीपट पूर्वी ज्या सावकाशीने चालायचे ती मला हवी आहे, आणि ती हल्ली कमी होत चाललीय.

ती सावकाशी यायची यंत्रातून. आयमॅक्सची, म्हणजे अशा प्रचंड पडद्यासाठीच्या सिनेमाची, मूळ फिल्म ७० मिलिमीटरची, प्रोजेक्टरमधून आडवी धावणारी. एकेक चौकट साध्या ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या जवळजवळ नऊपट. मिनिटाला शंभर मीटरहून जास्त फिल्म संपायची, म्हणजे चाळीस मिनिटांच्या माहितीपटाला चार किलोमीटर! कॅमेऱ्यात एका वेळी साधारण तीन मिनिटांचं रीळ मावायचं. पाण्याखालचा थ्रीडी कॅमेरा त्याच्या पेटीसकट साडेपाचशे किलोच्या वर, त्यात आठेक मिनिटांची फिल्म. ती संपली की सगळं धूड क्रेनने बोटीवर ओढायचं, सुकवायचं, रीळ बदलायचं, पुन्हा खाली. असं असताना कोण बटण दाबून ठेवेल? छायाचित्रकार तळाशी बसून वाट बघायचे, आणि प्राणी आला की एक लांबलचक दृश्य घ्यायचे. एवढ्या पडद्यावर डोळ्यालाही तेवढा वेळ लागतो. कोपऱ्यातला खेकडा सापडेपर्यंत दृश्य टिकलं पाहिजे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही सक्ती गेली. चांगलंच झालं, माणसांच्या पाठी वाचल्या. पण दृश्यं आता दोन-दोन सेकंदांत बदलतात, सहा मजली पडद्यावर तसं झालं की मुलांना गरगरतं आणि आईबापांना डोकेदुखी. वर अखंड संगीत. देवमाशाचं गाणं चालू असताना व्हायोलिन कशाला? थ्रीडीमध्ये दर पाच मिनिटांनी कोणीतरी तोंडावर झेपावतं ते वेगळंच. पोरं किंचाळतात आणि दिग्दर्शक खूश होतो, दुसरं काय.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मुलं घाबरतील म्हणून देवमासे मरतात कसे हे पुसट करून टाकतात आणि शेवटी आशेचं गाणं वाजतं. याच अ‍ॅक्वेरियमचे शास्त्रज्ञ १९८० पासून उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांचा अभ्यास करतात. डोक्यावरच्या खरखरीत पांढुरक्या चट्ट्यांवरून एकेक देवमासा ओळखून त्याची नोंदवही ठेवतात. सगळे मिळून चारशेहून कमी उरलेत. मासेमारीचे दोर अंगाला गुंडाळतात आणि जहाजं धडकतात, ही मुख्य कारणं. वसंतात ते केप कॉडच्या उपसागरात येतात, म्हणजे आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर. दोर रुतलेला देवमासा सात-आठ वर्षांच्या मुलाला दाखवावा असं माझं स्पष्ट मत आहे. गोष्टीतल्या राक्षसांची पोटं फाडलेली चालतात, मग हे का नाही?

आणि 'आपल्याकडे असं काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी: वडाळ्याचं घुमटाचं आयमॅक्स २००१ चं, आणि गंमत म्हणजे सायमन्स थिएटरही त्याच वर्षीचं. वडाळ्यात पुढे हिंदी-इंग्रजी सिनेमांचंच राज्य आलं. माझ्या मते चाळीस मिनिटांचा माहितीपट एकटा तगत नाही, बाजूला खरे मासे किंवा संग्रहालय लागतं. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. त्याच्या शेजारी असा पडदा असता तर, असं मनात येतं खरं.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आधी टाकी, मग सिनेमा. उलटं केलंत तर सहा मजली शार्क पाहून आलेल्या पोराला खरा मासा चिमुकला वाटतो आणि ते पाच मिनिटांत आइस्क्रीम मागतं. जागा मधल्या रांगांच्या थोड्या वरची घ्या, पुढे बसलात तर मान धरते. चार वर्षांखालच्या मुलांना थ्रीडीचा चष्मा नाकावर राहत नाही, तो पैसा वाचवा. आजी-आजोबांना निवेदन कानात कुजबुजत मराठीत सांगायच्या फंदात पडू नका, त्यांना पडदा कळतो. स्वेटर मात्र न्या, आत एसी कडक असतो.