खुलासा : ‘जास्त बेअरिंग म्हणजे गुंता नाही’ हे खरं नव्हे

कोकणातल्या गरवणाऱ्यांमध्ये मेसेज फिरतोय : ‘दहा-बारा बेअरिंगचं महाग बेटकास्टर (गळाच्या काठीवर बसवायचं आडव्या फिरकीचं रीळ) घ्या, दोरी गुंतत नाही, खारं पाणी बाधत नाही.’ दोन्ही चूक.

आमिष फेकायला कामाच्या फक्त स्पूलच्या (दोरी गुंडाळलेल्या फिरकीच्या) दोन-तीन बेअरिंग. बाकीच्या हँडल वगैरेत. आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र फिरत राहतो, म्हणून गुंता. समोरून वारा असला की महागडंही गुंततं. ब्रेक वाढवा, आमिष जमिनीला टेकताच स्पूल थांबेल इतका टेन्शन नॉब (स्पूलवरचा दाब कमी-जास्त करणारी कळ) आवळा, अंगठा तयार ठेवा.

पैसे मोजायचे ते ताठ धातूची फ्रेम, कार्बन ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी रोखत सोडणाऱ्या चकत्या) यांसाठी. खाडीतल्या जिताड्याला ते वसूल होतात. पाच ग्रॅमच्या आमिषाला स्पिनिंग रीळच (फेकताना ज्याचा स्पूल फिरत नाही असं रीळ) बरं. आणि गोड्या पाण्याने हलकं धुणं चुकत नाही. जोराची धार मारली तर मीठ आत जातं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.