‘ॲसेप्टिक’ म्हणजे निदान झालं असं नाही

भाच्याला मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज, असल्याची शंका होती म्हणून त्याच्या पाठीतलं पाणी तपासायला दिलं होतं. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहतात त्या तपासणीत, जंतू वाढले नाहीत असं कळलं आणि आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. चला, व्हायरल आहे, आपोआप बरं होईल. डॉक्टरांनी मात्र बहिणीला विचारलं, "ताई, इथे आणण्याआधी याला कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का?" तिने पिशवीतून सिरपची अर्धी संपलेली बाटली काढली. ताप होता म्हणून तीन दिवस घरीच देत होती.

आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर आजार बॅक्टेरियाचा असूनही कल्चर कोरं येऊ शकतं. म्हणून पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या चाचणीत एन्टेरोव्हायरस नावाचा विषाणू सापडेपर्यंत डॉक्टरांनी अँटिबायोटिकची इंजेक्शनं थांबवली नाहीत.

कल्चर असं कोरं आलं की त्याला ‘ॲसेप्टिक’ मेनिंजायटिस म्हणतात. तेव्हापासून हा ‘ॲसेप्टिक’ शब्द मला खटकतो. स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ वॉलग्रेन यांनी १९२५ साली तो वापरात आणला. नेहमीच्या तपासणीत बॅक्टेरिया सापडले नाहीत, एवढंच तो सांगतो. कारण शोधायचं बाकीच असतं.

बहुतेक वेळा विषाणूच निघतो, त्यातही एन्टेरोव्हायरस. पण गालगुंड, कांजिण्या-नागिणीचा विषाणू, हर्पिस, उंदरांच्या मलमूत्रातून येणारा एलसीएम विषाणू, एचआयव्हीची अगदी सुरुवातीची लागण, यांनीही मेंदूची आवरणं सुजतात. टीबीचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत, त्यामुळे तोही सुरुवातीला याच नावाखाली लपतो, आणि तिथे उशीर जिवावर बेततो. औषधं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतात! आयब्युप्रोफेन, को-ट्रायमॉक्साझोल, फिटसाठी देतात ते लॅमोट्रिजिन, शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांनी आयब्युप्रोफेनबाबत डॉक्टरांना जरूर विचारावं.

एन्टेरोव्हायरसची लागण झालेल्या बहुतेकांचं साध्या तापावर निभावतं. धोका जास्त तो पाच वर्षांखालच्या मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. तान्ह्या बाळांना सर्वांत जास्त. बाळाची मान आखडलेली कळेलच असं नाही. ते दूध ओढत नाही, सुस्त पडून राहतं, टाळू फुगते. हा विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, म्हणून लंगोट बदलल्यावर साबण आणि पाणीच हवं.

दवाखान्यात जाताना घरी दिलेलं प्रत्येक औषध सोबत न्या. भाचा घरी आल्यावर बहीण म्हणाली, डॉक्टर रागावतील म्हणून ती बाटली ती दाखवणारच नव्हती.