आकड्याला नाव ठेवणे

काल रात्री माझाच ईमेल माझ्या अंगावर आला. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरून माझ्याच दुसऱ्या खात्यावर पाठवला होता. सोबत ५५० क्रमांकाची लाथ: तुमच्या आयपीला पीटीआर नाही. म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता (आयपी) आहे, पण त्या आकड्याचं नाव सांगणारी नोंद (पीटीआर) नाही; दारावर पाटी नाही. तेव्हा बाहेरच उभे राहा.

डोमेनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या माझ्या नावाचे, पैसे मी भरतो. म्हणून त्याच्या पॅनेलमध्ये मी पीटीआर टाकला आणि दोन तास पडद्याकडे बघत बसलो. ढिम्म. मग कळलं, नावाचा आकडा मी ठरवू शकतो. आकड्याचं नाव आकड्याचा मालक, म्हणजे क्लाउड कंपनी, ठरवतो. भाडेकरूला पाटी लावायची तर घरमालकाचे पाय धरा!

घरमालक चॅटवर भेटला. माणूस होता की यंत्र, देव जाणे.

"डोमेन आपलंच आहे ना? त्याच डोमेनवरून आम्हाला ईमेल करा, सर."

केला. परत आला. ५५०.

"ईमेल परत येतोय हो."

"पीटीआर नसला की येतो, सर."

"म्हणून तर पीटीआर हवाय!"

"नक्की, सर. त्यासाठी फक्त एक ईमेल करा."

हे चार वेळा. दर वेळी "आपल्या संयमाबद्दल आभार". संयम कुठला, रात्रीचा एक वाजला होता. शेवटी मीच सुचवलं, डोमेन माझंच असल्याचा पुरावा म्हणून त्यात तुम्ही सांगाल ती मजकुराची (टीएक्सटी) नोंद टाकतो. "वरिष्ठांना विचारतो, सर," म्हणून स्वारी चाळीस मिनिटं गायब.

तेवढ्यात मी वाचत बसलो. ही नोंद उलटी लिहितात: २०३.०.११३.२५ चं होतं २५.११३.०.२०३ आणि पुढे इन-अ‍ॅडर डॉट आर्पा. नावात थोरला शेवटी बसतो, आकड्यात आधी, म्हणून ही कोलांटी. १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या नियमपत्रातच ती लिहून ठेवलीय. आयपीव्ही६ या नव्या, लांबलचक पत्त्यांमध्ये तर बत्तीसच्या बत्तीस अंक सुटे करून, मध्ये टिंबं देत, उलटे मांडायचे. ज्याला हे सुचलं त्याला झोप कशी लागत असेल?

वरिष्ठ पावले. नोंद झाली. तपासली, तर 'मेल'च्या स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरंही उलटलेली: 'माली'. नावावरून आकडा, आकड्यावरून नाव, दोन्ही जुळायला हवं; इथे माझा सर्व्हर थेट बागकामाला लागलेला. त्यात टीटीएल (वाचलेली नोंद लक्षात ठेवायची मुदत) ८६,४०० सेकंद, म्हणजे आज दुरुस्त केलं तरी ज्यांनी ही नोंद एकदा वाचली त्यांच्या लेखी उद्यापर्यंत मी मालीच.

तिकीट मात्र लगेच बंद झालं. 'आमची सेवा कशी वाटली?' हा ईमेल माझ्या सर्व्हरवर विनाअडथळा पोचला. मी सविस्तर, मनापासून उत्तर लिहिलं.

परत आलं. ५५०.