हृदयासाठी जांभळी पुडी: नवउद्योजकांना मनापासून सल्ला

इंदूरच्या माणसाला सकाळच्या पोह्यांवरची सेव कमी कर, जलेबी एक दिवसाआड खा, असलं काही सांगायला जाऊ नका. तो मान डोलावेल आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भेटेल. त्याला पुडी द्या. पाण्यात टाकली की जांभळी होणारी, पाकिटावर पत्त्यातला लाल बदाम आणि त्यातून जाणारी ईसीजीची रेघ. धंदा इथूनच सुरू होतो.

फळ निवडताना जांभळाच्या नादी लागू नका. जून-जुलैत चोइथराम मंडीत ते ढिगानं येतं, अँथोसायनिन, म्हणजे फळाला जांभळा रंग देणारं द्रव्य, त्यात भरपूर, जीभच साक्ष देते. पण अंगणात सडा पडणाऱ्या फळाला पुडीमागे चाळीस रुपये कोण देणार? फालसा, तुती यांचंही तेच. करवंदाला तर आपण कधीच पाकात मुरवून, लाल रंगात बुडवून ‘चेरी’ म्हणून पानावर बसवलंय; त्या बिचाऱ्याचं आणखी एक बारसं नको. सरळ ब्लूबेरी घ्या. महाग आहे, दुरून येते, निम्मं काम तिथेच झालं.

मग पुरावा. तो खरंच आहे, हे तुमचं नशीब. 2019 साली ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांतलं बरंच काही एकदम वाढलेलं) असलेल्या 115 जणांवरचा सहा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज 26 ग्रॅम फ्रीझ-ड्राय केलेली, म्हणजे गोठवून वाळवलेली ब्लूबेरी, म्हणजे साधारण 150 ग्रॅम ताजी फळं घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या जास्त चांगल्या प्रसरण पावू लागल्या. पुडीवर एवढंच छापा. इन्सुलिनच्या बाबतीत फरक पडला नाही, हे छापू नका. निम्मा डोस घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांत तो फायदा दिसला नाही, हे तर मुळीच नको, कारण तुमची पुडी 5 ग्रॅमची आहे. प्रयोगाच्या खर्चात अमेरिकी ब्लूबेरी उत्पादकांचाही हात होता, हे तर कुणी विचारणारही नाही.

फ्रीझ-ड्रायिंगचा खर्च करू नका. फळ दाबून रस काढा आणि चोथा फेकून द्या. अँथोसायनिन बहुतेक सालीत असतं, म्हणजे चांगलाच हिस्सा चोथ्याबरोबर गेला, पण चोथा कुठं चमच्यात विरघळतो? रस स्प्रे-ड्रायरमध्ये, म्हणजे तुषार उडवून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्रात सोडलात की फळातली साखर भिंतीला चिकटून बसते, पावडर होतच नाही. म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन घाला, तयार पावडरीच्या निम्म्यापर्यंत गेलं तरी चालतं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे तुकडे केलेला स्टार्च, रक्तातली साखर ग्लुकोजच्या बरोबरीनं चढवतो. मधुमेह्यांनाही विकायच्या पुडीत तो असावा यात विनोद आहे, पण तो मागच्या बाजूला, बारीक टायपात राहील. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात आणि त्यामुळे तो पहिला येण्याचा धोका आहे. मग ‘ब्लूबेरी पावडर’ असं लिहून त्याला कंसात ढकला.

रस आटवायचा झाला तर उघड्या लोखंडी कढईत आटवा. उष्णता आणि हवा मिळून अँथोसायनिन मोडतील, आणि लोखंड उरलेल्याचा रंग शाईसारखा काळपट करेल. त्याला ‘अधिक गडद, अधिक गुणकारी’ म्हणता येतं. वर व्हिटॅमिन सी घाला. ते आणि अँथोसायनिन साठवणीत एकमेकांना संपवतात, पण पाकिटावर दोघांची नावं शेजारी शोभून दिसतात. सरबत काढणार असाल तर पारदर्शक बाटलीत भरून दुकानाच्या उन्हातल्या काचेत मांडा. दोन महिन्यांनी विटकरी झालं की ‘नैसर्गिक रंग, बदल संभवतो’ ही चिठ्ठी तयार असू द्या. दुधात घालूनही घ्या, असं सांगायला हरकत नाही. दुधाचा सामू (पीएच) साडेसहाच्या वर असल्यानं पेला राखाडी दिसेल, एवढंच.

तपासणीचा अहवाल उत्पादनाच्या दिवशीचा घ्या, मुदत संपतानाचा नको. अर्क विकत घेताना प्रकाशाच्या एकाच तरंगलांबीवर मोजलेले ‘25 टक्के अँथोसायनिन’ पाहून खूश व्हा. बिलबेरी या ब्लूबेरीच्या युरोपी बहिणीच्या अर्कात अमरांथ हा कृत्रिम लाल रंग मिसळलेला सापडला होता, तो अशाच मोजणीतून पार झाला असता. सामू 1 आणि 4.5 वर, 520 नॅनोमीटरला दोनदा मोजणारी प्रयोगशाळा टाळा. खरं अँथोसायनिन सामूनुसार रंग बदलतं, कृत्रिम रंग तसाच राहतो आणि पकडला जातो. काळ्या गाजराचा अर्क मात्र त्यातूनही सुटेल, त्याला एचपीएलसी, म्हणजे एकेक घटक वेगळा काढून मोजणारी तपासणी लागते.

खरा धोका इंदूरच्या रामबाग वस्तीतल्या काकूंचा. त्या पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून ढवळतात. अस्सल असेल तर पाणी निळसर-हिरवट होतं. तुमचं लालच राहिलं तर पुढच्या हळदीकुंकवाला सगळ्या रामबागेला कळेल. म्हणून पुडीवर ‘फक्त लिंबू पिळून घ्या’ असं ठळक छापा.

क्रॅनबेरीचं वेगळं सांगत नाही. ती इतकी आंबट की साखरेत मुरवल्याशिवाय खाववत नाही, वाळवलेल्या 100 ग्रॅममध्ये 65 ग्रॅमच्या पुढे साखर सहज जाते. साखर नको असेल तर सफरचंदाच्या आटवलेल्या रसात मुरवा. साखर तितकीच, नाव मात्र फळाचं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना क्रॅनबेरी जपून घ्यायला सांगतात, तेव्हा गिऱ्हाइकाला त्याच्या गोळ्या विचारूच नका.

कायद्याला फार घाबरू नका. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापावंच लागतं. मधुमेह नि हृदयविकार बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद केली आहे. ‘हृदयाला साथ’ म्हणा.

आणि कुणी खोदून विचारलंच, प्रयोगाइतका डोस व्हायला किती पुड्या लागतील, तर विषय बदला. निम्मं माल्टोडेक्स्ट्रिन वजा केलं तर रोज दहा तरी. तीस पुड्यांचा महिन्याचा डबा तीन दिवसांत संपेल आणि रोज 25 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन पोटात जाईल, तेही जलेबीच्या वर.